अनुक्रमण शिकवायचंय? आधी गवताची बरणी भरा

परिसंस्थेतलं अनुक्रमण, म्हणजे एका जागी कोण राहतं ते काळानुसार बदलत जाणं, शिकवायला घ्यायच्या साधारण तीन आठवडे आधी एक तयारी करून ठेवा. मूठभर वाळलेलं गवत बारीक कातरा, लिटरभर पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळा आणि गवतासकट ते पाणी गार होऊ द्या. रुंद तोंडाच्या तीन काचेच्या बरण्यांत ते ओता, तोंडाला पातळ कापड बांधा आणि वर्गात सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवा. दोन दिवसांत पाणी गढूळ होतं. मग दोन बरण्यांत तळ्याचं किंवा डबक्याचं पाणी दोन-दोन चमचे घाला. तिसरीत काहीही घालू नका. पाणी घातलेल्यांपैकी एक बरणी उजेडात, दुसरी बंद कपाटात, आणि तिसरी उजेडातल्या बरणीशेजारी. मुलांना एवढंच सांगा की दर दोन-तीन दिवसांनी एकेक गट सूक्ष्मदर्शकाखाली थेंब बघेल, दिसेल ते काढेल आणि किती दिसले ते तक्त्यात लिहील. धड्याचं नाव अजून घ्यायचं नाही.

मी नववी ते बारावीच्या वर्गांना जीवशास्त्र शिकवते आणि या धड्याची खरी अडचण मला एकच वाटते: गोष्ट दशकांची असते आणि तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. त्यामुळे मुलांपर्यंत पोचते ती पुस्तकातली शिडी. उघडा खडक, मग दगडफूल, मग मॉस, गवत, झुडपं, शेवटी जंगल. मुलं ती पाठ करतात, परीक्षेत उतरवतात आणि त्यांच्या मनात पक्कं बसतं की निसर्गात असा ठरलेला जिना असतो व प्रत्येक जागा तो पायरीपायरीने चढते. मला हवं असतं वेगळंच. मुलाने कुठल्याही उजाड जागेसमोर उभं राहावं आणि तीन प्रश्न विचारावेत: इथे काय उरलंय? इथे कोण पोचू शकतं? आणि जो पोचला, त्याने पुढच्यासाठी ही जागा कशी बदलली? खालचं सगळं या तीन प्रश्नांभोवती रचलेलं आहे. फळ्याच्या कोपऱ्यात ते पहिल्या दिवशी लिहा आणि धडा संपेपर्यंत पुसू नका.

बरणीत काय बघायचं

पहिल्या दोन दिवसांत पाणी गढूळ करणारे जिवाणू कुठून आले, हा पहिला सुंदर प्रश्न. पाणी तर उकळलं होतं. इथे गवतावर राहणाऱ्या बॅसिलस सबटिलिससारख्या जिवाणूंची ओळख करून द्या. त्यांचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. म्हणजे आपण घडवलेल्या संहारातून काहीतरी उरलंच होतं. तळ्याचं पाणी न घातलेली तिसरी बरणी याच कामाची. तिच्यात जे दिसतं ते एक तर उकळण्यातून उरलेलं, नाही तर कापडातून आलेल्या धुळीबरोबर शिरलेलं. हा फरक मुलांनाच काढू द्या.

पुढे काय येतं त्याचा ढोबळ क्रम असा: जिवाणूंवर जगणारे अगदी बारीक कशाभिकाधारी (चाबकासारखी शेपटी असलेले) आदिजीव, मग मूत्रपिंडाच्या आकाराचे कोल्पोडा, मग चपलेसारखे पॅरामेशियम, मग गवताच्या तुकड्यांवरून चालल्यासारखे सरकणारे स्टायलोनिकियाचे भाईबंद, आणि बऱ्याच उशिरा अमीबा, देठावर डोलणारे व्होर्टिसेला, रोटिफर. उजेडातल्या बरणीत पाणी हळूहळू हिरवट होऊ लागतं. कपाटातल्या बरणीत तसं होत नाही. क्रम दर वेळी तंतोतंत असाच येईल असं नाही आणि तसं मुलांना आधीच सांगून ठेवा, नाही तर ती पुस्तकाशी जुळवण्यासाठी नोंदी वाकवतात.

मोजणीला शिस्त लागते. थेंब नेहमी त्याच ड्रॉपरने घ्यायचा आणि तीन ठिकाणांहून घ्यायचा: पृष्ठभाग, मध्य आणि तळ. भिंग तेच, १०० पट पुरेसं आहे. प्रत्येक स्लाइडवर पाच वेगवेगळी दृश्यक्षेत्रं मोजून सरासरी काढायची. पॅरामेशियम फार पळतात. कव्हरस्लिपखाली कापसाचे दोन-तीन तंतू ठेवले की त्यांचा वेग आवरतो. नाव ओळखता आलं नाही तरी बिघडत नाही. ‘गोल, केसाळ, गरगर फिरणारा’ असं लिहून शेजारी चित्र काढलं की तो जीव पुढच्या गटाला ओळखता येतो. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच असेल तर मोबाइलचा कॅमेरा नेत्रिकेला टेकवून व्हिडिओ घ्या आणि वर्गाला एकत्र मोजू द्या. वादावादी होते, आणि ती फार उपयोगाची असते.

तीन आठवड्यांनी आलेख काढायचा. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर संख्या, प्रत्येक जिवाला वेगळा रंग. एकेक रेघ वर चढते, शिखर गाठते, उतरते आणि तिच्या उतारावरच दुसरी चढू लागते. मुलांनी स्वतः मोजलेले हे आकडे असतात, म्हणून ‘कोल्पोडा गेले कुठे?’ हा प्रश्न वर्गातूनच येतो. अन्न संपलं, पाण्याचं रसायन बदललं, कुणीतरी खाल्लं, की कोष करून ते तळाशी बसले? प्रत्येक उत्तरापुढे ‘हे तपासायचं कसं?’ असं विचारा. एखादा गट तळाचा गाळ तपासायला धावतो आणि त्यात कोल्पोडाचे कोष शोधू लागतो. मग आजच्या धड्याला अनुक्रमण म्हणतात, हे सांगायला हरकत नाही.

काळजी एवढी घ्या: बरणीला तोंड लावणं किंवा जवळून हुंगणं नाही, काम झाल्यावर साबणाने हात धुणं, हातावर जखम असेल तर हातमोजे. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलाला व्हिडिओवरून मोजणी द्या. शेवटी पाण्यात जंतुनाशक घालून काही वेळ ठेवा आणि मगच ओतून टाका.

पहिल्या तासाची सुरुवात: एक कोळी

पुस्तक बंद. फळ्यावर एक तारीख: २७ ऑगस्ट १८८३. इंडोनेशियातल्या क्राकातोआ ज्वालामुखीच्या स्फोटाने बेटाचा मोठा भाग समुद्रात गेला आणि जे उरलं ते गरम राखेच्या जाड थराखाली गाडलं गेलं. मे १८८४ मध्ये, म्हणजे जेमतेम नऊ महिन्यांनी, एका फ्रेंच मोहिमेतली माणसं तिथे उतरली आणि जिवंत काही दिसतं का ते शोधू लागली. त्यांना काय सापडलं असेल? मुलांना वहीत लिहायला दोन मिनिटं द्या. बहुतेक जण शेवाळ किंवा दगडफूल लिहितात, काही जण गवत लिहितात.

सापडला तो एकच बारीकसा कोळी. जाळं विणत बसलेला.

यानंतर वर्ग गप्प बसत नाही. कोळी शिकारी आहे, मग तो पहिला कसा? खातो काय? आला कसा? उत्तरं घाईने देऊ नका. कोळ्याची पिल्लं रेशमाचा धागा हवेत सोडतात आणि वाऱ्यावर तरंगत समुद्र ओलांडतात, हे सांगितलं की ‘कोण पोचू शकतं?’ या प्रश्नाला वजन येतं. वाऱ्याने किडेही वाहून येतात आणि राखेवर पडतात. म्हणजे झाड उगवायच्या आधीच हवेतून अन्नाचा बारीक पाऊस चालू असतो. अन्नसाखळी वनस्पतीपासूनच सुरू होते असं शिकलेल्या मुलाला हा मोठा धक्का असतो. त्या साखळीची सुरुवातही वनस्पतीतच आहे, फक्त ती वनस्पती समुद्रापलीकडे आहे, हे त्याच्या लक्षात येईपर्यंत थांबा.

मग १८८६ सालात या. वनस्पतिशास्त्रज्ञ मेल्खिओर ट्रॉइब बेटावर गेला तेव्हा राखेवर नीलहरित जिवाणूंचा बुळबुळीत थर होता आणि आतल्या भागात नेचे पसरलेले होते. नेच्यांचे बीजाणू धुळीइतके हलके. त्यानंतर गवताळ प्रदेश, आणि पन्नासेक वर्षांत जंगल. हुशार वर्गाला आणखी एक गोष्ट द्या: १९२९ मध्ये बाकर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आक्षेप घेतला की बेटावरचं सगळं जीवन नष्ट झालं होतं याचा भक्कम पुरावाच नाही, राखेखाली मुळं किंवा बिया उरल्या असू शकतात. ‘इथे काय उरलंय?’ हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही भांडायला लावतो, हे मुलांना कळलंच पाहिजे.

सर्टसीची पानं

दुसऱ्या तासाला आइसलंडच्या दक्षिणेचं सर्टसी बेट. १४ नोव्हेंबर १९६३ ला समुद्रातून धूर येताना दिसला आणि जून १९६७ पर्यंत उद्रेक चालू राहून नवं कोरं बेट तयार झालं. त्यावर पहिल्यापासून लक्ष ठेवलं गेलं आणि आजही तिथे मोजक्या संशोधकांनाच पाऊल ठेवता येतं. २००८ मध्ये ते जागतिक वारसास्थळ झालं.

पुठ्ठ्याची पानं करा, प्रत्येकावर एक घटना, साल मागच्या बाजूला: किनाऱ्यावर सी रॉकेट नावाचं फुलझाड उगवलं (१९६५), मॉस दिसलं (१९६७), दगडफूल सापडलं (१९७०), समुद्रपक्ष्यांनी पहिली घरटी केली (१९७०), कुरव पक्ष्यांची वसाहत बसली (१९८० च्या दशकाच्या मध्यात), पहिलं झुडूप, एक विलो, रुजलं (१९९८). गटांनी पानं क्रमाने लावायची आणि प्रत्येक जागेचं कारण सांगायचं. मगच पानं उलटायची.

दगडफूल जवळजवळ प्रत्येक गट पहिलं ठेवतो. प्रत्यक्षात फुलझाड पाच वर्षं आधी आलं, कारण त्याच्या बिया समुद्रात तरंगतात, खारं पाणी सोसतात आणि किनाऱ्याच्या वाळूत रुजतात. शिडी इथे मुलांच्या हातातच मोडते आणि ती मोडायला हवी. पुस्तक खोटं आहे असा निष्कर्ष मात्र काढू देऊ नका. लाव्हाच्या उघड्या खडकावर आणि भरतीच्या रेषेवरच्या वाळूत प्रश्न वेगळे आहेत, म्हणून उत्तरंही वेगळी.

कुरवांचं पान सगळ्यात जास्त वेळ घेण्याजोगं आहे. वसाहत बसली आणि विष्ठेतून नायट्रोजन, फॉस्फरस मिळू लागला. बेटाच्या त्या भागात हिरवळ दाटली, नव्या प्रजाती झपाट्याने वाढल्या. पक्ष्यांनी बियाही आणल्या. एकच प्राणी ‘कोण पोचलं’ आणि ‘जागा कशी बदलली’ या दोन्ही प्रश्नांचं उत्तर ठरतो. आणखी एक पान राखून ठेवा: एकदा सर्टसीवर टोमॅटोचं रोप उगवलेलं सापडलं. कुठून आलं असेल? कुणीतरी नियम मोडून बेटावर शौचाला बसलं होतं. रोप लगेच उपटून टाकण्यात आलं. मुलं खूप हसतात आणि बिया पसरण्याचा हा मार्ग जन्मभर लक्षात ठेवतात.

मातीचे ट्रे: जे दिसत नाही ते उरलेलं

प्राथमिक (पूर्ण उजाड जागेवरचं) आणि दुय्यम (माती, बिया असं काही उरलेल्या जागेवरचं) अनुक्रमण यांतला फरक व्याख्येने शिकवला तर दोन दिवस टिकतो. ट्रेने शिकवा. एका ट्रेमध्ये मैदानाच्या कोपऱ्यातली वरची पाच सेंटिमीटर माती. दुसऱ्यात तीच माती, पण ओली करून, झाकून ८० ते ९० अंश सेल्सिअसला तासभर तापवलेली. हे काम मोठ्यांनी करायचं, वासही येतो. तिसऱ्यात स्वच्छ धुतलेली वाळू. प्रत्येकाच्या दोन प्रती: एक उघडी, एक बारीक जाळीच्या कापडाने झाकलेली. सगळ्यांना सारखं पाणी, सारखा उजेड, सहा ते आठ आठवडे.

पहिल्या ट्रेमध्ये थोड्याच दिवसांत कोंब येतात, झाकलेल्या प्रतीतही येतात. म्हणजे बिया मातीतच होत्या. तापवलेल्या मातीत आणि वाळूत बराच काळ काही हलत नाही. जे येतं ते मुख्यतः उघड्या प्रतीत, वाऱ्याने आलेलं. तापवलेली माती आणि वाळू यांच्यात पुढे पडणारा फरकही बघण्यासारखा असतो: बिया दोन्हीकडे बाहेरूनच येतात, पण रुजल्यावर रोप कुठे जोमाने वाढतं? दर आठवड्याला वरून एकाच उंचीवरून फोटो काढा, कोंब मोजा, सगळ्यात उंच रोपाची उंची लिहा. मातीतला हा बियांचा साठा मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहिला की दुय्यम अनुक्रमण वेगाने का होतं हे समजावून सांगावं लागत नाही.

ट्रे वाढत असताना इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेताची गोष्ट सांगा. १८८२ मध्ये तिथल्या गव्हाच्या शेताचा एक तुकडा कापणी न करता कुंपण घालून सोडून दिला. गहू किती वर्षं टिकेल? मुलांचे अंदाज फळ्यावर लिहा. अंदाज बहुधा मोठे असतात, कारण गहू तिथला राजा वाटतो. चार वर्षांत मोजकीच, खुरटलेली रोपं उरली होती. तण जिंकलं. आज तिथे उंच झाडांचं रान आहे. पण त्याच तुकड्याच्या एका भागात झाडांची रोपं दर वर्षी उपटली जातात आणि तिथे अजूनही झाडं नाहीत. माती एक, सुरुवात एक, तरी दोन वेगळी दृश्यं. अनुक्रमण थांबवून धरता येतं, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

अमेरिकेतला सेंट हेलेन्स हा ज्वालामुखी पर्वतही इथेच घ्या. १८ मे १९८० च्या उद्रेकाने जंगल आडवं केलं, पण बिळात असलेले गोफर (उंदरासारखे कुरतडणारे प्राणी) वाचले, काही ठिकाणी बर्फाखाली दबलेली रोपं वाचली. गोफरांनी जमीन उकरताना खालची जुनी माती राखेवर आणून टाकली. प्युमिसच्या (ज्वालामुखीतल्या सच्छिद्र, हलक्या दगडाच्या) उजाड मैदानात ल्युपिन या शेंगवर्गीय फुलझाडाची रोपं रुजली आणि मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंच्या मदतीने त्यांनी तिथे नायट्रोजन आणला. उद्रेक एकच, पण त्या परिसरात पूर्ण उजाड झालेली जागाही होती आणि बरंच काही उरलेली जागाही. मग हे प्राथमिक की दुय्यम? मुलांना भांडू द्या. योग्य उत्तर ‘कुठे उभे आहात त्यावर अवलंबून’ हे आहे आणि ते त्यांनीच गाठावं.

भेगांची फेरी

बाहेर जायला एक तास पुरतो, जंगल लागत नाही. लांबीरुंदी अर्धा मीटर अशी दोरीची किंवा पट्ट्यांची चौकट घ्या. वय माहीत असलेल्या जागा आधी शोधून ठेवा: नुकतीच खणलेली जमीन, वर्षभर पडून असलेला कोपरा, जुन्या भिंतीचा माथा, कित्येक वर्षं कुणी हात न लावलेली कुंपणाकडची पट्टी. प्रत्येक ठिकाणी चौकटीत हिरवं आच्छादन किती टक्के, वेगवेगळ्या प्रकारची झाडं किती, सर्वांत उंच रोप किती, आणि पातळ काडी खुपसून मातीचा थर किती खोल, एवढंच मोजायचं. थर्मामीटर असेल तर उघड्या पृष्ठभागाचं आणि रोपाच्या सावलीतलं तापमान घ्या. दुपारी हा फरक मुलांना चकित करतो आणि आधी आलेलं रोप नंतरच्यासाठी जागा कशी बदलतं याचा आकडा हातात येतो.

फेरीत एकदा गुडघ्यांवर बसून भिंतीच्या भेगेकडे नीट बघायला लावा. भेगेत धूळ साठते, धुळीत मॉस, मॉसमध्ये पाणी टिकतं, पाण्यात बी रुजतं, मुळाने भेग रुंदावते. तिन्ही प्रश्नांची उत्तरं बोटभर जागेत.

वेगवेगळ्या वयाच्या जागा शेजारी ठेवून काळाचा अंदाज बांधण्याची ही रीत जुनी आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री काउल्सने १८९९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराच्या काठच्या वाळूच्या टेकड्यांवर हेच केलं: पाण्यापासून जितकं आत जावं तितकी टेकडी जुनी. पण या रीतीचा कच्चा दुवाही सांगा. आजची जुनी जागा लहान असताना आजच्या नव्या जागेसारखीच होती, हे आपण गृहीत धरतो. अलास्काच्या ग्लेशियर बे मध्ये हे गृहीतक कसाला लागलं. हिमनदी मागे हटत गेली तशी मोकळी झालेली जमीन ड्रायास (जमिनीलगत पसरणारं झुडूप), आल्डर (मोठं झुडूप), स्प्रूस (सूचिपर्णी झाड) अशा क्रमाने भरते असं पुस्तकांत येत राहिलं. काउल्सचाच विद्यार्थी विल्यम कूपर याने १९१६ मध्ये तिथे कायमच्या चौकटी आखल्या होत्या, आणि शंभरेक वर्षांनी संशोधकांनी त्या पुन्हा शोधून मोजल्या. त्याआधी १९९५ मध्ये क्रिस्टोफर फास्टी याने झाडांच्या वलयांवरून दाखवलं होतं की तिथल्या वेगवेगळ्या वयाच्या जागा वेगवेगळ्या वाटांनी आजच्या स्थितीला आल्या. सगळ्यांचं बालपण सारखं नव्हतं.

म्हणूनच शाळेच्या आवारात एक चौकट कायमची आखून ठेवा. चार कोपऱ्यांना खुंट्या, वहीत नकाशा, वर्षातून ठरावीक महिन्यात मोजणी. पुढच्या वर्षीच्या वर्गाला ती वही द्या.

खड्यांचा खेळ

जमिनीवर खडूने पाच बाय पाच घरं आखा. खडे म्हणजे माती. चार रंगांची पुठ्ठ्याची पानं: वर्षायू (एका वर्षात मरणारं) तण, बहुवर्षायू (अनेक वर्षं जगणारं) गवत, नायट्रोजन बांधणारं झुडूप, सावली सोसणारं झाड. तण कुठल्याही रिकाम्या घरात येतं आणि फेरीअखेर मरतं. गवताला घरात एक खडा लागतो, झुडपाला दोन, झाडाला तीन. गवत तणाला, झुडूप गवताला, झाड झुडपाला हटवू शकतं. शेजारच्या घरात झाड नसेल तर नवं झाड फाशावर सहा पडला तरच येतं. फेरीअखेर प्रत्येक भरलेल्या घरात एक खडा वाढतो, झुडपाच्या घरात दोन. मग शिक्षकाने फासा टाकायचा: एक पडला तर एक ओळ जळते, पानं जातात, खडे राहतात. लागोपाठ दोनदा एक पडला तर दरड कोसळली, खडेही गेले.

वर्गाचे दोन भाग करा. एक शून्य खड्यांपासून सुरू करेल, दुसरा प्रत्येक घरात तीन खडे ठेवून, पण पानं नसताना. दहा फेऱ्या झाल्या की दोन्ही भागांचे पट ताडून बघा. मग एकच नियम बदला: गवताला कुणी हटवू शकत नाही, ते जळलं तरच जागा मोकळी होते. झुडपं, झाडं अडून बसतात आणि आग ही संधी ठरते. परिसंस्थाशास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल आणि राल्फ स्लॅटियर यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या तीन वाटा, म्हणजे आधीचा पुढच्याला मदत करतो, आधीचा नुसता असतो, आधीचा पुढच्याला रोखतो, यांतल्या दोन मुलांनी आता खेळून पाहिलेल्या असतात. तिसरीसाठी नियम त्यांनाच बनवू द्या. वरच्या वर्गांना हे छान जमतं.

बोलण्यातल्या चुका लगेच पकडा

‘निसर्गाला जंगल हवं असतं’, ‘मॉस पुढच्यासाठी माती तयार करून देतं आणि निघून जातं’, ‘गवताचं झुडूप होतं’. ही वाक्यं कानावर आली की थांबवा आणि पुन्हा म्हणायला लावा. मॉस कुणासाठी काही करत नाही; ते जगतं, मरतं, कुजतं आणि त्याचा परिणाम म्हणून माती वाढते. गवताचं झुडूप होत नाही, गवताच्या जागी झुडूप येतं. उत्क्रांती आणि अनुक्रमण यांची गल्लतही इथेच होते: एका जागी कोण राहतं ते बदलणं वेगळं, आणि पिढ्यांमागून पिढ्या जात एखादी प्रजातीच बदलणं वेगळं.

शेवटच्या स्थिर समुदायाची कल्पना शिकवा, पण वादासकट. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्सने १९१६ मध्ये वनस्पतिसमुदायाला जणू एकच जीव मानलं, जन्मतो आणि प्रौढ होतो असा. हेन्री ग्लीसनने १९२६ मध्ये विरोध केला: प्रत्येक प्रजाती आपापल्या गरजेने आणि योगायोगाने येते. वर्गाचे दोन गट पाडा आणि अट घाला की पुरावा फक्त आपल्या बरणीतून, ट्रेमधून, चौकटीतून आणि सर्टसीच्या पानांतूनच द्यायचा. ऐकण्यासारखा तास होतो. मी कुठल्याच गटाला जिंकू देत नाही.

परीक्षा घ्यायची तर

टप्पे क्रमाने लिहा, असा प्रश्न नको. न शिकवलेली जागा द्या. समुद्रात बुडवलेलं लोखंडी जहाज. पूर ओसरल्यावर नदीत उरलेला वाळूचा उंचवटा. जळालेलं गवताळ माळरान. धरण पाडल्यावर उघडा पडलेला गाळ. चित्र आणि चार ओळींची माहिती द्या आणि विचारा: काय उरलं असेल, कोण आधी पोचेल आणि कसं, त्यामुळे काय बदलेल, आणि तुमचा अंदाज चुकला हे कशावरून ओळखाल?

गुण मी शेवटच्या भागाला सर्वांत जास्त देते. ‘दोन वर्षांनीही झाकलेल्या भागात कोंब दिसले तर माझं म्हणणं चूक, कारण मग बिया गाळातच होत्या’ असं एखाद्याने लिहिलं तर त्याला टप्प्यांची नावं आठवली की नाही याची मी फिकीर करत नाही. नावं पुढच्या तासाला सहज शिकवता येतात. उत्तर फारच मोघम आलं तर त्या मुलाला कोरा कागद न देता वर्गाचा बरणीचा आलेख पुढे ठेवा आणि तोच प्रश्न तोंडी विचारा. लिहिताना अडलेली बरीच मुलं आलेखावर बोट ठेवून नीट बोलतात आणि तेही पूर्ण गुणांचं उत्तर धरायला हवं.